पाण्याचा वाटा आणि पाण्याचं बिल

काहीजण म्हणतात की अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्याचं वाटप राज्यांमधल्या १९२२च्या करारात ठरलं, म्हणजे शहरांचे पाणीदरही त्यातूनच आले. हे काही पटत नाही. करार वाटा सांगतो: वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी), खालच्यालाही तेवढंच. दराबद्दल त्यात काही नाही.

दर कसा ठरतो, याचं उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो शहर घ्या. २००३च्या करारांनुसार तिथलं जलप्राधिकरण इंपीरियल खोऱ्यातल्या शेतीत वाचवलेलं पाणी विकत घेतं, वर्षाला २ लाख एकर-फुटांपर्यंत (सुरुवातीची बरीच वर्षं त्यातला काही भाग शेतं पडीक ठेवूनच मिळत होता). पण नदीपासून शहरापर्यंत त्यांचा स्वतःचा कालवाच नाही. मग मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट ही दक्षिण कॅलिफोर्नियाला घाऊक पाणी पुरवणारी संस्था ते पाणी कोलोरॅडोवरच्या हव्हासू तलावातून उचलते, बदल्यात तेवढंच जलप्राधिकरणाला देते आणि वाहतुकीचे पैसे लावते. हे भाडं किती असावं, यावरून २०१० पासून वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली! त्यात मागणी घटली तरी ठरलेलं पाणी घ्यावंच लागतं. पंप, कालवे, कर्जाचे हप्ते तसेच राहतात. त्यामुळे लोकांनी काटकसर केली की लिटरमागे दर उलट चढतो.