निष्ठा, इमान की 'शब्दाला जागणं'?

प्रश्न: टॉमी ली जोन्सचा 2005चा 'द थ्री बेरिअल्स ऑफ मेल्कियादेस एस्त्रादा' हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. त्यावर चार ओळी लिहायला बसलो नि पहिल्याच ओळीत अडलो. टेक्सासातला म्हातारा काउबॉय पीट आणि त्याचा मेक्सिकन दोस्त मेल्कियादेस. (काउबॉयच ठेवतो. 'गुराखी' म्हटलं की हातात पावा येतो, घोडा येत नाही.) मी मेलो तर इथल्या जाहिरातींच्या फलकांमध्ये पुरू नकोस, माझ्या गावी हिमेनेसला ने, असं मेल्कियादेसनं सांगून ठेवलेलं. सीमेवरच्या गस्तीवाल्याच्या गोळीनं तो मरतो. पीट त्या गस्तीवाल्यालाच धरतो, त्याच्याच हातानं प्रेत उकरून काढवतो आणि दोघांना घेऊन नदीपार निघतो. याला 'निष्ठा' म्हणू का? लिहून पाहिलं, तर पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याचा सत्कार चाललाय असं वाटलं.

उत्तर: वाटणारच. मराठीत निष्ठा खालून वर जाते: देवावर, गुरूवर, हल्ली पक्षश्रेष्ठींवर. 'इमान' हा मूळ अरबी शब्द, अर्थ श्रद्धा. पण आपल्याकडे तो चाकरीला चिकटला. इमानी नोकर, इमानी कुत्रा. पीट काही मेल्कियादेसचा चाकर नव्हे.

इथे नाम शोधूच नका, क्रियापद घ्या: जागणे. मिठाला जागणे म्हटलं की अन्नदाता आला. शब्दाला जागणे, दोस्तीला जागणे यात मात्र वरखाली कुणी नाही. शिवाय यात खरंखुरं जागरणही आहे. प्रेताला मुंग्या लागतात, तर पीट त्या जाळून काढतो. ते सडू नये म्हणून घशात गाडीचं अँटीफ्रीझ ओततो. मेलेल्या मित्राची अशी उठाठेव 'निष्ठे'त कुठे बसवणार?

आणखी एक: 'बेरिअल'ला 'दफन' लिहिणार असाल तर थांबा. आमच्याकडे सोलापूरच्या बाजूला लिंगायत घरात कुणी गेलं की 'माती कधी आहे?' असं विचारतात. चित्रपटात पहिल्यांदा गोळी घालणाराच मेल्कियादेसला घाईघाईत रानात पुरतो, दुसऱ्यांदा अधिकारी दफनभूमीत उरकून टाकतात. म्हणजे दफनं तीन, पण माती एकदाच मिळाली. 'मूठमाती' मात्र नको. रूढींना देऊन देऊन तो शब्द कामातून गेलाय.

प्रश्न: 'माती' घेतलाच. पण एक खटकतं. हिमेनेस नावाचं गाव तिथे कुणालाच ठाऊक नसतं. मेल्कियादेसनं बायको म्हणून जिचा फोटो दाखवलेला, ती म्हणते, मी या माणसाला ओळखतच नाही. सगळं खोटं निघाल्यावर पीट जागला तरी कशाला?

उत्तर: मेल्कियादेसनं सांगितली ती हकिकत. शब्द पीटनं दिला होता, आणि माणूस जागतो तो स्वतः दिलेल्या शब्दाला. म्हणून तर एका पडक्या घरापाशी थांबून तो हेच हिमेनेस असं ठरवतो. 'वचन पाळलं' इथे कमी पडतं, कारण ते गाव नाही म्हटल्यावर संपलं असतं.

प्रश्न: पटलं. आता शेवटचं. नदी रिओ ग्रांदे, मेक्सिकोत तिलाच रिओ ब्राव्हो म्हणतात. 'मित्राला पैलतीरी नेलं' असं लिहू?

उत्तर: नको हो. वाचणाऱ्याला वाटेल पीटनंच त्याला मारलं. 'नदीपार' पुरे.