सी६ पेशंट: स्टिम्युलेटरवर मूठ वळते, पण ग्लास धरला की सुटतो

पंचवटी_फिजिओ
सी६ पूर्ण इजा (मानेत सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला), आठ महिने झाले. मनगट स्वतः वर उचलतो, ताकद ग्रेड ४ (५ पैकी). बोटं, अंगठा शून्य. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंवर (फ्लेक्सर) स्टिम्युलेटरने ३५ हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंद, १८ मिलिअँपिअर दिलं की मूठ छान वळते. पण स्टीलचा ग्लास दिला की मनगट खाली पडतं, अंगठा बोटांखाली अडकतो आणि पाचेक मिनिटांत पकड ढिली होते. मशीन दोनच चॅनेलचं आहे, म्हणजे पॅडच्या दोनच जोड्या. पॅड कुठे हलवू?

ओटी_नाशिकरोड
बोटांचे फ्लेक्सर मनगटावरून जातात, त्यामुळे ते मनगटही वाकवतात. मनगट वाकलं की टेंडन सैल पडतात, मग करंट वाढवून काही उपयोग नाही. तुमचा वरचा पॅड कोपराच्या आतल्या हाडाजवळ असणार. तिथे मनगटाच्या फ्लेक्सरचे स्नायू आहेत, तेच आधी पेटतात. तो पॅड खाली, कोपर ते मनगट या भागाच्या मधल्या तृतीयांशात आणा. दुसरा मनगटाच्या थोडा वर. पेशंटला मनगट आधी उचलायला सांगा, करंट नंतर. तरीही पडलं तर मनगट २० ते ३० अंश वर धरणारा (एक्स्टेन्शन) स्प्लिंट.

अंगठ्याचा प्रश्न क्रमाचा आहे. दुसरं चॅनेल थेनारवर (अंगठ्याच्या मुळाशी तळव्यातला उंचवटा) लावा, ३ सेंटिमीटरचा गोल पॅड. ते आधी सुरू करायचं, अंगठा समोर आला की अर्ध्या सेकंदाने बोटं. उघडण्यासाठी तिसरं चॅनेल शोधत बसू नका. करंट बंद, मनगट खाली सोडलं की टेनोडेसिसने (मनगटाच्या हालचालीने टेंडन ताणले जाऊन) बोटं आपोआप उघडतात. म्हणूनच मनगट वर असताना बोटं ताणून सरळ करायची नाहीत, ही गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगा.

पंचवटी_फिजिओ
पॅड खाली घेतल्यावर मनगट बरंच टिकतं, धन्यवाद मॅडम. पण थेनार २५ मिलिअँपिअरलाही हलत नाही.

स्टिम_सातपूर
सर, करंट वाढवण्याआधी मज्जातंतू शाबूत आहे का ते बघा. फॅराडिकला (अगदी छोट्या पल्सचा करंट) काहीच नाही आणि १०० मिलिसेकंदाच्या लांब गॅल्व्हॅनिक पल्सला गांडुळासारखं संथ आकुंचन आलं, तर तो स्नायू डिनर्व्हेटेड आहे, म्हणजे त्याचा मज्जातंतू तुटलाय. त्यावर पकड उभी राहत नाही, टेंडन ट्रान्सफरसाठी (चालू स्नायूचा टेंडन दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया) हँड सर्जनचं मत घ्या. फॅराडिकला हलला तर फक्त मोटर पॉइंट (स्नायू सर्वात सहज हलतो ती जागा) चुकलाय, पॅड थोडा थोडा सरकवून शोधा.

थकव्याचं कारण असं की बाहेरून दिलेला करंट दर वेळी त्याच तंतूंना एकदम चालवतो, पाळी बदलत नाही, आणि लवकर थकणारे स्नायूतंतूंचे मोठे गट आधी ओढले जातात. पकड थरथरत नसेल तर २० ते २५ हर्ट्झवर या. ५ सेकंद चालू, १५ बंद, दिवसातून दोनदा १० मिनिटं. रॅम्प (करंट हळूहळू चढण्याचा वेळ) एक ते दोन सेकंद. आधी रिकामा ग्लास, मग अर्धा भरलेला.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामाने पॅडची कड सुटते. राहिलेल्या भागात करंट एकवटतो आणि संवेदना नसलेल्या त्वचेवर भाजल्याचं कळतही नाही. प्रत्येक सेशननंतर पॅड उचलून लाली बघाच.

ओटी_नाशिकरोड
आणखी एक. इजा टी६ च्या (छातीच्या पाठकण्यातली सहावी पातळी) वरची आहे, त्यामुळे बीपी एकाएकी चढण्याचा धोका असतो. सेशनमध्ये अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, बीपी चढलं तर मशीन लगेच बंद, पेशंटला ताठ बसवा आणि आधी लघवीच्या कॅथेटरची नळी दुमडली आहे का ते तपासा. बीपी उतरलं नाही तर थेट कॅज्युअल्टी.