मदत हवी आहे: बाबांसोबत 'जलॉपी' खेळतोय, थरथरत्या हातासाठी माऊसचं काय करावं?

नौपाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विभागात मी आजवर वाचनमात्रच होतो. आता मात्र अडलोय आणि इथल्या जाणकारांना विचारल्याशिवाय सुटेल असं दिसत नाही.

आधी प्रश्न सांगतो. मी आणि बाबा मिळून संगणकावर 'जलॉपी' नावाचा गेम खेळतो. बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, त्याबद्दल इथे काही विचारायचं नाही. पण त्यांनी माऊस हातात घेतला की पडद्यावरचं सगळं दृश्य हलायला लागतं आणि हवी ती वस्तू काही केल्या उचलता येत नाही. यावर उपाय हवाय. दुसरा प्रश्न गेममधल्या पैशांचा आहे, तो खाली लिहितो. तिसरा, हा संपल्यावर दोघांनी मिळून खेळण्यासारखं आणखी काय आहे?

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ १९९० चा, बर्लिनची भिंत नुकतीच पडलेली. लुट्फी नावाच्या काकांना घेऊन आपल्याला बर्लिनहून इस्तंबूलला जायचंय. काकांकडे 'लायका ६०१ डिलक्स' ही जुनी गाडी आहे. तिचे सुटे भाग जोडायचे, तिला रस्त्यावर आणायचं आणि वाटेत दुरुस्त करत करत पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया मागे टाकत तुर्कस्तान गाठायचं. मारामारी नाही, शर्यत नाही. काका शेजारी बसून बोलत असतात. पूर्वी फॉर्म्युला वनच्या गेमवर काम केलेल्या ग्रेग प्रिमाचुक यांनी तो बनवला आणि २०१८ मध्ये तो पूर्ण रूपात आला. साध्या लॅपटॉपवर आमच्याकडे व्यवस्थित चालतो.

हाच गेम का, तर आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. गणपतीला आम्ही सगळे तिच्यातून चिपळूणला जायचो. पनवेल, वडखळ, माणगाव, महाड, आणि पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. घाट चढायच्या आधी बाबा गाडी बाजूला घेणार, बॉनेट उघडणार, फडक्याने रेडिएटरचं झाकण जरा सैल करून वाफ जाऊ देणार, मग पाणी घालणार. आम्ही मुलं मागे चिवडा खात बसलेलो असायचो आणि आई म्हणायची, "त्यांना हाका मारू नका, ते गाडीशी बोलतायत." निघायच्या आदल्या रात्री चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले असत. टोक बदामी रंगाचं असेल तर बाबा खूश. एखादं काजळी धरलेलं निघालं की कार्ब्युरेटर उघडलाच म्हणून समजा. इग्निशनच्या पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, फिलर गेजने फट बघायची, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा. तोंडाने "तुमची काळजी वाटते" असं त्यांनी आम्हाला कधी म्हटलेलं मला आठवत नाही, पण आम्हा चौघांना घेऊन ती गाडी घाटात कधी बंद पडली नाही.

आता गाडी नाही आणि हाताच्या कंपामुळे त्यांनी ड्रायव्हिंग सोडलंय. जलॉपीचा एक व्हिडिओ सहज दाखवला, तर टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल मिसळतायत हे बघून खुर्ची पुढे ओढून बसले. "टू-स्ट्रोक आहे ही!" तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघं बसतो. मी चालवतो, कुठे थांबायचं आणि काय बदलायचं ते बाबा ठरवतात. मोटेलमधून निघताना पुढचा रस्ता नकाशावर निवडायचा असतो, तोही तेच निवडतात. लहानपणच्या पोस्टाच्या तिकिटांच्या वहीतून त्यांना 'मग्यार पोश्ता' आणि 'चेस्कोस्लोव्हेन्स्को' पाठ आहेत, त्यामुळे हा नकाशा त्यांना माझ्यापेक्षा जवळचा आहे. संवाद इंग्रजीत आहेत, ते मी मराठीत वाचून दाखवतो.

पण हे सगळं शेजारी बसून सांगण्यापुरतंच राहतंय. इग्निशन कॉइल काढून नवी बसवणं, जॅक लावून चाक उतरवणं, ही कामं त्यांनी आपल्या हाताने करावीत अशी माझी फार इच्छा आहे. परवा एअर फिल्टर बसवताना त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. फिल्टर जागेशी यायचा आणि दृश्य सरकायचं. शेवटी माऊस माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू कर, मी बघतो." ते मला नको आहे.

आता पैशांचं. रस्त्याच्या कडेला पेट्या पडलेल्या असतात, त्या उचलून आतला माल विकायचा हा कमाईचा सोपा मार्ग. बाबांना तो मान्य नाही. "कुणाच्या तरी गाडीवरून पडलेली असणार." सीमेवर बंदी असलेला माल लपवून नेणं तर लांबच राहिलं. शिवाय कुठलाही भाग पार झिजायची वाट न बघता बदलायचा ही त्यांची पद्धत. खर्च जास्त, कमाई कमी. त्यांचं मन वळवायचं नाहीये. त्यांच्या नियमांत राहून इस्तंबूल गाठता येईल का, एवढंच विचारतोय.

वाशीचा पूल

आधी माऊसचं बघू. विंडोजमध्ये जाऊन पॉइंटरचा वेग कमी करणं हा पहिला विचार मनात येतो, पण पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळायचे बरेच गेम माऊसची हालचाल थेट वाचतात, तिथे त्या सेटिंगचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा डीपीआय (माऊस किती संवेदनशील आहे त्याचं माप) बदलायचं बटण असलेला माऊस घ्या आणि डीपीआय सगळ्यात खाली आणा. ते माऊसमध्येच बदलतं, त्यामुळे गेमला पर्याय राहत नाही. डीपीआय उतरला की हाताची तीच हालचाल पडद्यावर खूप कमी दिसते.

माझा खरा सल्ला मात्र ट्रॅकबॉलचा. त्यात माऊस टेबलावर एकाच जागी राहतो, फक्त वरचा गोळा बोटांनी फिरवायचा. वस्तूवर नेम आला की गोळ्यावरून बोट उचलायचं आणि मग बटण दाबायचं. नेम धरणं आणि क्लिक करणं या दोन गोष्टी वेगळ्या होतात, म्हणून क्लिक करताना नेम हलत नाही. अंगठ्याने फिरवायचा प्रकार टाळा. मधोमध मोठा गोळा असलेला, दोन्ही हातांना सारखा चालणारा घ्या, म्हणजे डावा हात स्थिर असेल तर डाव्याने वापरता येईल. कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात टेबलावर टेकलेला हवा. टेबल बुटकं असेल तर खुर्ची खाली घ्या.

आणखी एक, एका संगणकाला दोन माऊस आणि दोन कीबोर्ड एकाच वेळी लावता येतात, सगळे चालतात. बाबांपुढे ट्रॅकबॉल, तुमच्यापुढे कीबोर्ड आणि तुमचा माऊस. गाडी चालवताना तुम्ही. थांबून बॉनेट उघडलं की तुम्ही हात बाजूला घ्यायचा. अदलाबदल करायला उठावंही लागणार नाही.

नेरूळची मावशी

गेममधलं मला काही कळत नाही, गाडीबद्दल लिहिते. ही लायका म्हणजे पूर्व जर्मनीची ट्रॅबंट ६०१ असणार, नाव आणि रूप दोन्ही तेच सांगतात. झ्विकाऊ गावच्या कारखान्यात १९६४ पासून १९९० पर्यंत ती बनली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहाशे सीसीच्या आत, ताकद २६ अश्वशक्ती. पोलादाची टंचाई होती म्हणून वरचे पत्रे डुरोप्लास्टचे, म्हणजे कापसाचा टाकाऊ भाग राळेत दाबून केलेले. बाबांना हे सांगा, आवडेल त्यांना.

आणखी एक सांगा. तिथे नाव नोंदवल्यावर गाडी हातात यायला दहा-दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त लागायची. आपल्याकडे बजाज स्कूटरचा नंबर लागायची वाट बघत लोकांची लग्नं होऊन मुलं झाली, ती पिढी हे लगेच समजेल. इतकी वाट बघून आलेली वस्तू माणूस जपतोच. मिस्टरांची चेतक आम्ही तशीच जपली. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घालून घ्यायचे आणि ते नीट पडतंय की नाही हे वाकून बघायचे. तुमचे बाबा खुर्ची पुढे ओढून का बसले ते मला बरोबर कळलं.

रात्रपाळी

मी हा गेम पूर्ण केलाय, म्हणून पैशांबद्दल.

पेट्या न उचलताही जमतं, फक्त घाई करायची नाही. दुकानातून माल विकत घ्यायचा आणि सीमा ओलांडून जिथे भाव जास्त तिथे विकायचा, हा सरळ व्यापार आहे. कुठल्या देशात कशाला बंदी आहे हे बघूनच माल भरा. बंदीचा माल तपासणीत सापडला तर दंड होतो, आणि तुमच्यासारखा जपून खर्च करणारा त्या एका दंडाने मागे पडतो. बाबांचा नियम इथे हिशेबानेही बरोबरच आहे.

भाग लवकर बदलायच्या सवयीबद्दल: टायर आणि इंजिन यांत त्यांचं ऐका. बाकीच्या भागांना दुरुस्तीचं किट वापरून आधी आयुष्य वाढवा. रस्ता निवडताना सगळ्यात जवळचा निवडू नका, चांगला निवडा. कच्च्या रस्त्याने वाचवलेलं पेट्रोल टायरमध्ये जातं.

आणि कडेला सोडून दिलेल्या गाड्या दिसतात ना, त्यांतून पहारीने उघडून सुटे भाग मिळतात. त्याला बाबांची हरकत आहे का?

नौपाडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार.

मावशी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. कापसाच्या पत्र्यांवर त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच?" मग गंज धरणार नाही हा मुद्दा त्यांनी स्वतःच काढला. खाडीच्या हवेत पद्मिनीचे दरवाजे खालून कसे खात जायचे, हे त्यांना चांगलंच ठाऊक आहे. आमच्याकडेही स्कूटर होती, गाडीच्या आधी. तिचा नंबर लागला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. ती सगळी हकीकत काल पहिल्यांदा ऐकली.

रात्रपाळी, सोडलेल्या गाडीचे भाग काढायला त्यांची ना नाही. पद्मिनीचे जुने पार्ट ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हातात घेऊन, घासून बघून आणायचे, त्यामुळे हा व्यवहार त्यांना रास्त वाटतो. व्यापाराची कल्पनाही पटली. आता एक वही घातलीय. डावीकडे देश, उजवीकडे माल आणि भाव. लिहितो मी, सांगतात ते.

वाशीचा पूल, जुन्या माऊसचा डीपीआय उतरवून बघितला. खूप फरक पडला, तरी लहान वस्तूंना अजून त्रास होतो. डाव्या हाताने मात्र त्यांनी बॅटरी काढून परत बसवली. पहिल्यांदाच सगळं काम त्यांचं. मग बॉनेट लावलं नाही, कार्ब्युरेटरही काढून बघायचा म्हणाले. ट्रॅकबॉल घेणार हे नक्की. माझा तिसरा प्रश्न तेवढा राहिलाय.

घोडबंदर रोड

तिसऱ्याचं मी सांगतो, यातले बरेच खेळलोय.

'माय समर कार' आधी बाजूला ठेवा. फिनलंडमधला आहे, गाडी अक्षरशः एकेक बोल्ट पान्याने आवळून जोडायची असते, आणि ते बाबांना फार आवडेल हे खरं. पण त्यातला नायक दारू पितो, शिव्या देतो, आणि तसा पर्याय निवडला असेल तर वाटेत मेला की सगळं पहिल्यापासून. शिवाय ते बारीक बोल्ट कंप असलेल्या हाताला छळतील. 'पॅसिफिक ड्राइव्ह' २०२४ चा. एक जुनी स्टेशन वॅगन दुरुस्त करत राहायचं, गॅरेजमधली कामं उत्तम जमली आहेत. मात्र बाहेर पडलं की वातावरण भीतीचं, जीव मुठीत धरून परत यायचं. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्डही लागतं.

तुम्हाला मी 'कीप ड्रायव्हिंग' सुचवेन, २०२५ मध्ये आला. चित्रं जुन्या पद्धतीची, ठोकळ्याठोकळ्यांची. एक तरुण मुलगा गाडी घेऊन लांब निघालाय, वाटेत लोकांना लिफ्ट देतोय. यात प्रत्येक अडचण पाळीपाळीने सोडवायची असते, विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो, हाताची चपळाई लागत नाही. गाडीचं पेट्रोल आणि अवस्था दोन्ही सांभाळायचं असतंच. बाबा एकटेही खेळू शकतील. नात्यांची गोष्ट हवी असेल तर 'ओपन रोड्स' आहे, आई आणि मुलीचा प्रवास, पण गाडीला हात लावायला मिळत नाही. बाबांचा जीव बॉनेटखाली आहे, म्हणून तो शेवटी.

स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलात तर एक लक्षात ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्याच बैठकीत हाताला जमतंय का ते बघून घ्या.

नौपाडेकर

फारच नेमकं सांगितलंत. 'कीप ड्रायव्हिंग' यादीत पहिला. पण आधी इस्तंबूल, ते बाबांनी ठरवलेलंच आहे. सध्या आम्ही हंगेरीत आहोत, पुढचे दोन्ही टायर नवे घातलेत आणि डिकीत विकत घेतलेला, बंदी नसलेला माल आहे.

एक शेवटची विनंती. ट्रॅकबॉल घेण्याआधी बाबांच्या डाव्या हाताला तो मानवतोय का हे बघायचंय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाकडे मोठ्या गोळ्याचा, वापरात नसलेला ट्रॅकबॉल असेल आणि आठवडाभर देता येत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऐरोली, वाशी, बेलापूर, कुठेही येऊन घेऊन जाईन आणि परतही आणून देईन.