घरामागची जमीन धुमसतेय, पाणी टाकून विझत नाहीये, मदत हवी आहे

इरईकाठचा
मंडळी लवकर सांगा. घरामागची जमीन नऊ-दहा दिवस झाले धुमसतेय. जाळ कुठेच नाही, नुसता भेगांमधून धूर, सकाळी थंडीत जास्तच दिसतो. चार टँकर पाणी ओतलं, तासभर बंद होतो की बाजूच्या भेगेतून परत चालू. फायरवाले येऊन पाणी मारून गेले, म्हणाले विझली. ग्रामपंचायत म्हणते जागा आमच्याकडे नाही. फोम वगैरे टाकतात तो बाजारात मिळतो का, भाव काय? उपदेश नको, उपाय सांगा.

चेंबूरकर
गाव कुठलं, खाली काय आहे, घर किती फुटांवर आहे, काहीच लिहिलं नाहीत. कचरा असेल तर वेगळं, लाकूड असेल तर वेगळं. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता, आमच्याकडे शाळा बंद ठेवल्या होत्या. वरून विझलेलं दिसायचं आणि दोन दिवसांनी परत तेच.

इरईकाठचा
चंद्रपूर जिल्हा. खाली माती आहे हो, दुसरं काय असणार. घर जवळच आहे.

तांदूळगिरणी
माती जळत नाही भाऊ. आमच्या गोंदियाकडे राइस मिलच्या मागे तुसाचे ढीग असतात, एकदा पेटले की दोन-दोन महिने आत चालू. वरून राखेची साय धरते, दिसते एकदम घट्ट. आमच्या एका माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता, चप्पल आतच राहिली, पायाची सालं निघाली. तुमच्याकडे तूस टाकलं होतं का कोणी?

सिव्हिल पक्या
एवढा काथ्याकूट कशाला? जेसीबी बोलवा, घर आणि धूर यांच्या मधे दहा फुटी चर मारा, मुरूम भरा, विषय संपला. आमच्या साईटला केलंय.

वास्तुदीप
घराच्या आग्नेयेला असेल तर घाबरू नका, अग्नीचं स्थानच आहे ते. बाकी दिशेला असेल तर सांगा, उपाय आहे.

इरईकाठचा
नैऋत्येला आहे आणि धूर स्वयंपाकघरात येतोय. कृपया.
तूस नाही. मुरमाची जुनी खदान होती ती, बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने फुकटात भरून दिली, खाणीवरचा काळा दगड ट्रकने आणून. वर गावचा कचरा पडत गेला. दिवाळीनंतर कोणीतरी कचरा पेटवला होता पण तो तर विझला होता.

निवृत्त ओव्हरमन
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं राजेहो! कोळसाखाणीवरचा काळा दगड म्हणजे शेल, त्यात कोळशाचा चुरा असतोच. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि तापतो, ढिगात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते, मग काडी न लावताही पेटतो. तुमच्याकडे तर काडीपण लावली. मी ११ वर्षं धनबादकडे कोळसाखाणीत काढली, तिथल्या झरियाच्या कोळशाची आग १९१६ पासून नोंदीत आहे आणि अजून चालू आहे. तुमची तेवढी नाही, खदानीपुरती आहे, म्हणून वेळेत हात घातला तर निघेल.
टँकर आजच्या आज बंद करा. वरून पाणी ओतलं की ते एक-दोन वाटांनी खाली जातं, बाकी ढीग कोरडाच. आणि लाल कोळशावर पाणी पडलं की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, बंद जागेत त्याचा भडका उडतो. पाण्याने माती वाहून गेली की भेगा मोठ्या, हवा जास्त. म्हणजे तुम्ही चार टँकरनी तिला जेवायला घातलंत.

सिव्हिल पक्या
काका तुमचं बरोबर पण चर तर पाहिजेच ना, अडवणार कसं?

निवृत्त ओव्हरमन
चर पाहिजे, पण धुरापासून लांब, न जळालेल्या बाजूला, आणि तळाच्या मूळ मुरमापर्यंत. दहा फूट मारलात आणि भराव वीस फूट असला तर खालून जाईल. शिवाय जेसीबी कुठे उभा करणार? खाली जळून पोकळ झालंय. आमच्याकडे असलं काम करताना बाहेरच्या कडेने थर थर काढत यायचो, काढलेला माल पातळ पसरून बाजूला थंड करायचा, तिथे पाणी चालतं. गॅसचा मीटर घेतलेला माणूस मशीनजवळ उभा असल्याशिवाय कामाला हात नाही.

तांदूळगिरणी
२०२२ च्या ऑगस्टमधे घुग्गुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं ते असंच ना?

निवृत्त ओव्हरमन
नाही, तिथे आगीचा प्रश्न नव्हता, खाली जुनी भूमिगत खाण होती. दोन्हीची सरमिसळ करू नका, लोक उगाच घाबरतात.

तांदूळगिरणी
घर खाली गेलं की कारणाचं काय लोणचं घालायचं काका.

पिट्सबर्गची सून
इथे पेन्सिल्व्हेनियात सेंट्रेलिया नावाचं गाव होतं, तिथेही अशीच सुरुवात. १९६२ मधे जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा पेटवला, विझला असं वाटलं, आग कोळशाच्या थरात गेली. १९८१ मधे १२ वर्षांचा एक मुलगा आजीच्या अंगणात उभा होता, पायाखालची जमीन गेली, झाडाचं मूळ धरून राहिला म्हणून वाचला. मग ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर करून गाव हलवलं, २००२ मधे पिनकोडसुद्धा काढून घेतला. आम्ही बघायला गेलो होतो, रिकामे रस्ते आणि दफनभूमी, बस.

चेंबूरकर
माणूस टँकरचं विचारतोय, तुम्ही सहल सांगताय.

पिट्सबर्गची सून
सुरुवात सारखी आहे म्हणून सांगितलं. पटत नसेल तर सोडून द्या.

सातबारा
जागेचा उतारा काढलाय का? गावठाण, गायरान की खाजगी यावर सगळं आहे. खदान असेल तर तहसीलमधे परवान्याचे कागद असणार, भराव कोणी घालायचा तेही त्यात असतं.

इरईकाठचा
उतारा नंतर बघू. घर मोजलं, मागच्या भिंतीपासून पहिली भेग पंचवीस पावलं. काल पोरांनी भेगेत शेंगा भाजल्या, चांगल्या भाजल्या म्हणे. मागच्या खोलीत बाबा झोपतात, त्यांना धुराचा त्रास होतो म्हणून खिडकीच्या फटींत कापड कोंबलंय. सकाळी उठल्यावर डोकं धरून बसतात, बाहेर ओट्यावर आले की तासाभरात बरं वाटतं, वयामुळे असेल. मूळ प्रश्न फोमचा आहे, त्याचं कोणी सांगेना.

सिस्टर मंगल
भाऊ फोम राहू द्या. बाबांना आत्ता त्या खोलीतून बाहेर काढा, वाचता वाचता उठा. सकाळी डोकेदुखी आणि बाहेर आलं की बरं, हे कार्बन मोनॉक्साईड या विषारी गॅसचं लक्षण असू शकतं. त्याला वास नाही, रंग नाही. धुराचा वास येतो म्हणून आपल्याला वाटतं वास गेला की गॅस गेला. खिडकी बंद करून उपयोग नाही, तो जमिनीतून, फरशीच्या सांध्यातूनसुद्धा येतो.

इरईकाठचा
ऑक्सिमीटर लावला होता ताई, ९८ दाखवतो. म्हणून मी निर्धास्त होतो.

सिस्टर मंगल
तो इथे फसवतो. रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की मोनॉक्साईड हे साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही, दोन्हीला तो चांगलाच आकडा देतो. दवाखान्यात कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची तपासणी सांगा, आणि जमिनीत कोळसा पेटलाय हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, नाहीतर बीपीची गोळी देऊन पाठवतील. त्या पोरांनापण आवरा.

निवृत्त ओव्हरमन
ताई बोलल्या ते आधी. मग १०७७ ला फोन, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. 'कचरा पेटलाय' म्हणू नका, 'वस्तीला लागून भरावातला कोळसा पेटलाय, घरात गॅस येतोय' असं म्हणा. शब्दाने फरक पडतो. लेखी अर्ज तहसीलदारांना, पोच घ्या. तोवर दोरी बांधा. आणि सकाळी दव पडतं ना, ते कुठपर्यंत पडत नाही ते बघा, तापलेल्या जागेवर दव टिकत नाही. त्याच्या बाहेरून फक्कीची रेषा मारून ठेवा.

वास्तुदीप
नैऋत्येसाठी पण उपाय आहे, वैयक्तिक निरोप करावा.

इरईकाठचा
तीन दिवसांनी लिहितोय. बाबांना काकांकडे हलवलं, रक्त तपासलं, मोनॉक्साईड वाढलेलं निघालं, ऑक्सिजन लावला होता, आता ठीक आहेत. १०७७ ला दोनदा करावा लागला. काल मीटर घेऊन माणसं आली, मागच्या खोलीचं दार उघडलं तर उंबऱ्यातच वाजायला लागला. आईने पटकन देवघरातले देव उचलले आणि पुढच्या खोलीत आणले, आम्ही सगळे समोरच्यांकडे झोपतोय. खणायचं की मातीने झाकायचं यावर त्यांच्यातच वाद चालू आहे, सोमवारी मोठे साहेब येणार.
काका, फक्की मारली. रेषा कडुलिंबाच्या अलीकडे होती, आज घराच्या बाजूला त्या रेषेच्याही तीन हात पुढेपर्यंत दव नाहीये.

निवृत्त ओव्हरमन
रोज नवीन रेषा मारा, जुनी पुसू नका, तारीख लिहा शेजारी. साहेबांना तेच दाखवा. फोटो टाका इथे, पण काढायला रेषेच्या आत जाऊ नका.

इरईकाठचा
गच्चीवरून काढतो.