रोजच्या तोडीला ५० सीसीचं कटर पुरे, ७० सीसीचा हट्ट कशाला?

सडेकर: चिपळूण-खेड भागात तोडीचे ठेके घेणारे दोघे नवीन चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं इंजिनवालं कटर, घेतायत. दोघांचंही एकच, "मोठ्यातलं मोठं सांगा". माझं मत उलट आहे. आपल्याकडे रोजचं काम म्हणजे अकेशिया, काजू, मध्येच ऐन-किंजळ. झाड आडवं करायला किती वेळ लागतो? दिवस जातो तो फांद्या उतरवण्यात, आणि तेही घसरत्या उतारावर. श्टील कंपनीचं एमएस २६१ बघा: ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून ४.९ किलो. एमएस ३८२ ७२.२ सीसीचं, ३.९ किलोवॅट, पण ६.२ किलो. वर लांब बार आणि भरलेली टाकी. दुपारनंतर ते वजन हातात नाही, कमरेत जाणवतं. १६ इंची बारने दोन बाजूंनी कापलं तर अडीच फुटी बुंधाही पडतो.

वखारवाला: फांद्यांचं मान्य, पण पैसा ओंडक्यात आहे हो. वठलेला रायवळ आंबा घ्या, बुंधा साडेतीन फूट. त्यात ५० सीसीला २० इंची बार लावून बघा. चेन दमते, मग चालवणारा वरून रेटतो, मशीन तापतं. एकच घेणार असाल तर मोठंच घ्या. हलक्या फांद्यांना कोयता आहे की!

सडेकर: असे रायवळ हंगामात किती येतात, दादा? त्या चार झाडांसाठी बाकीच्या शंभरांना जड मशीन वाहायचं? अगदीच पटत नसेल तर एमएस ३६२ घ्या, ५९ सीसी, ३.५ किलोवॅट, ५.६ किलो.

वखारवाला: म्हणजे धड ना हलकं, धड ना दमदार.

कुडाळचो: तुमचा सगळा बराबर, पण पैसे खंय आसत? आमच्या गावात सगळे चायना ५८ सीसीवाले. कॉइल गेली तर बाजारात सांजेपर्यंत दुसरी गावता. कंपनीचो पार्ट येयपर्यंत टोळी घरात बसान काय करतली?

सडेकर: पार्टचा मुद्दा खरा आहे, दादा. कुठलंही मशीन घेण्याआधी जवळच्या दुकानात चेन, स्प्रॉकेट, एअर फिल्टर मिळतो का ते विचाराच. पण त्या ५८ सीसीवर २२ इंची बार लावून विकतात, तो दिखाऊपणा आहे. तेवढा बार ओढायचा दम त्या इंजिनात नसतो. आणि थरथरीने संध्याकाळी बोटं बधिर होतात, चहाचा कप धरवत नाही. महागड्या मशीनमधले पैसे बरेचसे ती थरथर शोषणाऱ्या स्प्रिंगांचे असतात. वर्षभर याच धंद्यात असणाऱ्याने ते वाचवू नयेत.

दापोली_बागायतदार: सीसीवर भांडताय, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे माड-पोफळी एकमेकांत अडकून पडल्या होत्या. वाकलेलं झाड ताणाच्या, म्हणजे बाहेरच्या खेचलेल्या बाजूने आधी कापलं की चिरफाळून उसळतं. आधी दाबाच्या, म्हणजे आतल्या बाजूने थोडी खाच, मग ताणाकडून कापायचं. ७० सीसी घेऊन दमलेला माणूस हे विसरतो. दुसरं, चेन. आपल्याकडे खाली जांभा. कापता कापता टोक एकदा दगडाला टेकलं की धार गेली. भुसा पिठासारखा पडू लागला की थांबा, कानस काढा. धारेच्या चेनीतून दाणेदार तुकडे उडतात. आणि कृपा करून बारला जळकं ऑइल घालू नका, त्यातली घाण पंप खाते.

वखारवाला: कानस लावलेलं मोठं मशीन कानस लावलेल्या लहान मशीनपुढे हरत नाही. एवढंच माझं म्हणणं.

सडेकर: बुंध्यावर नाही हरत. उतारावर हरतं.

नवा_ठेकेदार: ठेका घेणाऱ्या दोघांतला एक मी. १६ इंची बारवर चेन .३२५ इंच पिचची (कड्यांचं माप) घेऊ की ३/८ ची? आणि पेट्रोल एकदम पाच लिटर मिसळून ठेवलं तर चालेल?

सडेकर: ५० सीसीला .३२५ बरी, कानस ४.८ मिलिमीटरची. रेकर, म्हणजे दातापुढचा उंचवटा, दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा, त्याहून जास्त घासलेत तर मशीन झटके देईल. पेट्रोल आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं. कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल वापरत असाल तर लिटरला २० मिली. पावसाळ्यात मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा.