मदत हवी आहे: एआर गेममधलं फळ मधेच गायब होतं

वाळपईकर:
अर्जंट आहे. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी एआर गेम करतोय (कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र उभं करणारा), चतुर्थीच्या आधी शाळेत द्यायचाय. कार्डावर टॅब धरला की माटोळीचं (गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळं-भाज्या बांधलेली चौकट) फळ उभं राहतं, नाव ऐकू येतं, मग ते बोटाने ओढून माटोळीला बांधायचं. पण फळ सारखं जातं-येतं, एक मुलगा तर कान झाकून खाली बसला आणि मग टॅबला हातच लावेना. काय करू?

कुळागर:
कशात केलाय? कार्ड केवढं, टॅब कुठला? एवढं तरी सांगा की.

पर्वरीची_आई:
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे म्हणून बोलते, स्क्रीन हवीच कशाला? चिबूड, नीरफणस, आंबाडे खरे हातात द्या, वास घेऊ दे.

म्हापशेकर:
नावं मराठीत आहेत का? कोंकणीत घाला, माटोळी आपल्याकडची.

वाळपईकर:
युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), त्यातलं एआरसाठीचं एआर फाउंडेशन, अँड्रॉइड टॅब. कार्ड खेळायच्या पत्त्याएवढं, मुलं तोंडात घालतात म्हणून चकचकीत लॅमिनेशन. चित्र साधं, नुसत्या रेषा, शाळेतल्या टीचरनीच सांगितलं गर्दी नको.

कुळागर:
मग बरोबर, एआरकोअरला (अँड्रॉइडवर कार्ड ओळखणारं गूगलचं सॉफ्टवेअर) पकडायला चित्रात बारकावे लागतात आणि गूगल कार्ड निदान 15 बाय 15 सेंमी ठेवा म्हणतं, त्यात लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकली की संपलंच. मधलं चित्र साधंच ठेवा, भोवती वेडीवाकडी नक्षी काढा, तीच तीच वेलबुट्टी मात्र नको. गूगलच्या टूलमध्ये चित्राला गुण मिळतात, निदान 75 पाहिजेत. आणि ट्रॅकिंग 'लिमिटेड' झालं, म्हणजे टॅबला कार्ड नीट सापडेनासं झालं, की फळ लगेच लपवू नका, हळूहळू फिकं करा.

फोंड्याची_टीचर:
मी स्पेशल एज्युकेटर आहे. फिकं पण नको हो, आमच्याकडे काही मुलांना वस्तू विरत गेलेली अजिबात चालत नाही. मूल 'झालं' बटण दाबेपर्यंत फळ आहे तिथेच राहू दे. आणि एक सांगा, फळ परत आलं की नाव परत वाजतं का?

वाळपईकर:
हो, दर वेळी.

फोंड्याची_टीचर:
मग कान त्यासाठी झाकले असतील! नाव मुलाने फळाला बोट लावल्यावरच वाजू दे, आवाज बंद करायची सोय पहिल्याच स्क्रीनवर द्या, टाळ्या-फटाके असतील तर काढा. टॅब स्टँडवर ठेवून कार्ड मुलाच्या हातात द्या, दोन्ही एकदम सांभाळणं कठीण जातं. आणि ताई, खरी फळं हवीतच, पण काही मुलं चिकट वस्तूला हात लावत नाहीत, त्यांना टॅबवरून सुरुवात सोपी पडते.

पर्वरीची_आई:
माझा उलट, टॅब हातातून सुटतच नाही. एकच नियम सगळ्यांना लावू नका.

म्हापशेकर:
कोंकणीचं कोणी बोललंच नाही.

फोंड्याची_टीचर:
घरी आई जे नाव घेते तेच रेकॉर्ड करा, मुलागणिक बदलता यायला हवं.

वाळपईकर:
आवाजाचं आजच बदलतो, आईचा आवाज घालायची सोय पण करतो. चकाकी नसलेलं मॅट लॅमिनेशन इथे कोणाकडेच नाही, कुठे मिळेल?

म्हापशेकर:
म्हापशाला विचारून बघा, फक्त शुक्रवारी येऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.