मदत हवी आहे: गॉथिक पेहराव कोल्हापुरात कसा जमवायचा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी गॉथिक, म्हणजे काळ्या, गूढ ढंगाचा पेहराव करायचाय. नुसते काळे कपडे घातले की झालं, असं नाही. १८६१ मध्ये नवरा वारल्यावर व्हिक्टोरिया राणीनं शेवटपर्यंत काळंच घातलं. उंच गळा, लेस, जेट नावाच्या खड्याचे काळेभोर दागिने, यातलं बरंच त्या दुखवट्याच्या पेहरावातून आलंय. महाद्वार रोडला काळी मखमल मिळाली, बोटं फिरवली की हरखून जावं अशी! पण लेस मात्र सगळीकडे टिकल्या लावलेलीच दाखवतात. साधी काळी कुठं मिळेल? कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या घट्ट चोळीच्या, पाठीला दोरी ओवायला धातूच्या रिंगा बसवायच्यात, ते चपलांचे कारागीर करून देतील का? आणि हुपरीत काळपट चांदीचा, गळ्यालगतचा चोकर एकच नग घडवून देतात का? पंधराच दिवस उरलेत, कृपया सांगा.